वळीव : सातारा–सांगलीतील उन्हाळी पाऊस आणि त्याचा अंदाज

वळीव : मोसमी पावसाच्या आधी, मुख्यतः एप्रिल-मेमध्ये, दुपारनंतर वादळी वारा आणि मेघगर्जनेसह पडणारा पाऊस. ‘वळवाचा पाऊस’ हे त्याचे रोजच्या बोलण्यातले नाव. हवामान खाते मार्च ते मे हा काळ पूर्वमोसमी ऋतू धरते, म्हणून सरकारी पत्रकात हाच पाऊस ‘पूर्वमोसमी’ होतो. वर्तमानपत्रे अलीकडे त्याला सरसकट ‘अवकाळी’ म्हणतात, पण ते बरोबर नाही. जानेवारीत द्राक्षे काढणीला आली असताना पडतो तो अवकाळी. वळीव वेळेवरच येतो, फक्त जागा सांगून येत नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत त्याचा अंदाज देणे आणि वाचणे ही दोन्ही कामे अवघड होतात ती याच कारणाने.

नक्षत्रांच्या हिशेबाने सूर्य १४ एप्रिलच्या सुमारास अश्विनीत, २७ एप्रिलच्या आसपास भरणीत, ११ मेच्या सुमारास कृत्तिकेत, २५ मेच्या आगेमागे रोहिणीत आणि ७-८ जूनला मृगात जातो. वळवाचा खरा जोर कृत्तिका-रोहिणीत असतो. ‘मृग निघाला’ म्हटले की शेतकऱ्याच्या लेखी वळवाचे दिवस संपले. पाऊस ते ऐकतोच असे नाही.

हा पाऊस पडतो कसा? मेमध्ये सांगली, मिरज, तासगाव, आटपाडी भागात पारा ३८ ते ४० अंशांच्या घरात असतो. तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर चढू लागते. पण नुसत्या उष्णतेने ढग होत नाही, त्याला ओल लागते. ती अरबी समुद्रावरून, काही वेळा बंगालच्या उपसागरावरूनही येते. दख्खनच्या पठारावर हे दमट वारे आणि वायव्येकडचे कोरडे वारे समोरासमोर येतात. या भेटीची रेषा बहुधा मध्य प्रदेश किंवा विदर्भापासून मराठवाडा, कर्नाटकाचा अंतर्भाग असे करत दक्षिणेकडे उतरते. तिला हवामानाच्या भाषेत द्रोणीय स्थिती किंवा वारा खंडितता म्हणतात. ही रेषा थोडी पश्चिमेला सरकली की सातारा-सांगलीत ढग उभे राहतात, पूर्वेला सरकली की नुसताच उकाडा उरतो.

असा ढग आडवा पसरत नाही, तो उभा वाढतो. त्याचा माथा दहा-बारा किलोमीटरच्याही वर जातो. वरच्या थरात थेंब गोठतात आणि तेथेच गारा तयार होतात. ढग पिकला की त्यातून थंड हवा खाली कोसळून जमिनीवर चहूकडे पसरते. पाऊस येण्याआधी दहा-पंधरा मिनिटे धुरळा उडवत जो सोसाट्याचा वारा येतो, पत्रे उचकटतो, आंबे झाडतो आणि यात्रेतल्या तमाशाच्या कनाती पाडतो, तो हाच. दिवसाचे वेळापत्रकही ठरलेले असते. सकाळी आभाळ निरभ्र, दुपारी बाराला कापसासारखे पुंजके, तीनच्या सुमारास वारा पडतो आणि गदगदायला लागते, चार ते आठच्या दरम्यान आभाळ फुटते. रात्री दहाला चांदणे पडलेले असते.

मोसमी पाऊस पश्चिमेकडून, सह्याद्री ओलांडून येतो. वळवाचे ढग मात्र बऱ्याचदा पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून सरकत येतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून दहिवडी सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरवर आहे, आणि त्या माण तालुक्यात पाचशे मिलिमीटर पडला तरी वर्ष बरे गेले म्हणतात. खटाव, फलटण, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत हे सगळे याच पर्जन्यछायेच्या पट्ट्यातले. जून-जुलैचे ढग घाटमाथ्यावर रिते होऊन येथे पोचतात, म्हणून या तालुक्यांची भिस्त परतीच्या पावसावर आणि काही अंशी वळवावर असते. महाबळेश्वरला मेचा पाऊस पर्यटकांची तारांबळ उडवतो. जतला तोच पाऊस पाझर तलावात आला तर टँकरच्या फेऱ्या चार दिवस तरी कमी होतात.

अंदाजाची भाषा

भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ ची, आणि त्याचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. खात्याने देशाचे ३६ हवामान उपविभाग केले आहेत. सातारा आणि सांगली ‘मध्य महाराष्ट्र’ या उपविभागात येतात आणि त्यातच नाशिक, जळगाव, सोलापूर, कोल्हापूरही बसतात. आकाशवाणीवर ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पावसाची शक्यता’ हे वाक्य ऐकून कोरडे जत आणि घाटाकडची जावळी दोन्हीकडचे लोक आभाळाकडे पाहतात, ते त्यामुळेच.

या वाक्यातला कळीचा शब्द ‘तुरळक’. तो मोघम वाटतो, पण त्याला माप आहे. उपविभागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणी’, २६ ते ५० टक्के असेल तर ‘काही ठिकाणी’, ५१ ते ७५ टक्क्यांना ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. म्हणजे ‘तुरळक’ हा शब्द पावसाच्या जोराविषयी काहीच बोलत नाही, तो फक्त किती ठिकाणी पडेल ते सांगतो. तुरळक ठिकाणी पडणारा पाऊस एखाद्या गावात तासाभरात ओढा भरून वाहील असाही असू शकतो. ‘रेडिओनं तुरळक सांगितलं आणि आमचा बांध फुटला’ ही तक्रार नेहमीची आहे, पण ती अंदाज चुकल्याची नसून शब्द वेगळा समजल्याची आहे.

जोराची मापे वेगळी. चोवीस तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर म्हणजे हलका, १५.६ ते ६४.४ म्हणजे मध्यम, ६४.५ ते ११५.५ जोरदार, २०४.४ पर्यंत अति जोरदार आणि त्याहून अधिक अत्यंत जोरदार. इशाऱ्याचे रंग चार : हिरवा, पिवळा, नारंगी, लाल. वळवाच्या दिवसांत बहुधा पिवळा लागतो आणि सोबत ताशी ३० ते ४० किलोमीटर वाऱ्याचा उल्लेख असतो. आता साताऱ्याच्या घाटमाथ्यासाठी इशारा वेगळा दिला जातो. हे फार आधी व्हायला हवे होते. कोयनेच्या खोऱ्याला आणि माण तालुक्यातल्या म्हसवडला एकच रंग लावण्यात अर्थ नव्हता.

चार-पाच दिवस आधी जे सांगता येते ते एवढेच की हवा वळवाला अनुकूल आहे. कोणत्या शिवारात ढग फुटेल ते तासा-दोन तासांआधी कळत नाही, कारण तो ढगच तेव्हा जन्मलेला नसतो. त्याचा पसारा पाच-दहा किलोमीटरचा आणि आयुष्य तास-दीड तासाचे. ओढ्याच्या अलीकडे चिखल आणि पलीकडे धुरळा, हे दृश्य त्यातूनच येते. म्हणून या पावसासाठी पाच दिवसांच्या अंदाजापेक्षा रडार आणि उपग्रहाच्या चित्रांवरून दर तीन तासांसाठी दिला जाणारा तात्कालिक इशारा अधिक कामाचा. वीज पडण्याची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ हे अ‍ॅप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केले आहे. याच संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा महाबळेश्वरला २०१२ पासून आहे. मेच्या संध्याकाळी कडब्याची गंज झाकायला धावणारा माणूस किंवा झाडाखाली मेंढरे घेऊन थांबलेला मेंढपाळ विजेच्या तडाख्यात सापडतो. त्याच्यासाठी पावसाच्या मिलिमीटरपेक्षा ही सूचना मोलाची.

मोजणीचा गुंता निराळाच. महसूल मंडळाच्या गावी पर्जन्यमापक असतो आणि त्याच्या आकड्यावर मंडळातल्या सगळ्या गावांचा पाऊस ठरतो. अतिवृष्टी मानण्यासाठी चोवीस तासांत ६५ मिलिमीटर ही मर्यादा धरतात. मोसमी पावसाला हा हिशेब बऱ्यापैकी लागू पडतो. वळवाला नाही : यंत्रावर कोरडे ऊन आणि सहा किलोमीटरवर पपईची बाग आडवी, असे होते. मग पंचनाम्यासाठी आकड्याशी भांडावे लागते.

एकच ओळ, अनेक अर्थ

‘पुढील तीन दिवस वादळी पाऊस’ ही ओळ तालुक्यागणिक वेगळी वाचली जाते. शिराळ्यात भाताची धूळवाफ पेरणी असते. रोहिणीच्या आसपास कोरड्या, भुसभुशीत मातीत बी पेरून ठेवायचे आणि मृगाच्या पावसावर ते उगवून आणायचे, अशी ही पद्धत. तेथे मेच्या तिसऱ्या आठवड्यातला दमदार वळीव म्हणजे घात, म्हणजे पेरणीची नेमकी वेळ, चुकणे. याउलट माण-खटावच्या माळावर त्याच पावसाने ढेकळे विरघळतात आणि कुळवाची पाळी सोपी जाते. वाळवा-कऱ्हाडच्या ऊसपट्ट्यात एक पाणी वाचते. हळदीच्या लागणीला तो चालतो, मात्र मार्च-एप्रिलात शिजवून वाळत घातलेल्या हळदीवर पडला तर रंग जातो आणि दर उतरतो. बेदाण्याच्या शेडवरही त्याच दिवसांत ताडपत्र्या ओढल्या जातात. वीटभट्टीवाल्यांच्या कच्च्या विटांचा पुन्हा चिखल होतो.

तासगाव-मिरज भागातल्या द्राक्षबागायतदाराला तर पावसाइतकीच ढगांची धास्ती. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, आणि पुढच्या हंगामाचा घड काडीतल्या डोळ्यात त्यानंतरच्या चाळीस ते साठ दिवसांत सूक्ष्म रूपात तयार होतो. त्याला भरपूर ऊन लागते. मे महिना ढगाळ गेला तर ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीवर घडाऐवजी नुसती बाळी, म्हणजे फळ न धरणारा तणावा, निघते. पाऊस थेंबभरही न पडता नुकसान होते, आणि ते कळते पाच महिन्यांनी. जिल्हावार कृषी सल्ला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. त्यात पावसाच्या आकड्यापुढे ढगांचे प्रमाणही दिलेले असते. बागायतदाराची नजर आधी तिकडे जाते.

जुने ठोकताळे अजून चालतात. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली की पाणी फार, कावळ्याने घरटे झाडाच्या शेंड्याला केले की पाऊस कमी, मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की दोन दिवसांत सरी. पंचांगात नक्षत्राचे वाहन पाहतात : बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर पाऊस चांगला, गाढव किंवा उंदीर असेल तर बेताचा. मुंग्यांना दमटपणा कळत असेल हे पटण्यासारखे आहे. वाहनाचा मात्र हवेशी संबंध नाही, आणि म्हातारी माणसेही ते हसतच सांगतात. त्यापेक्षा काळजी करावी ती मोबाइलवर फिरणाऱ्या, तारीख-वार आणि गावाच्या नावासह छातीठोक भाकितांची. वळवाचे गाव आठवडाभर आधी कोणत्याही शास्त्राला सांगता येत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी त्यांतली निम्मी गळून पडतात.

वळीव कुठे संपला आणि मोसमी पाऊस कुठे सुरू झाला हे ओळखणे पेरणीसाठी महत्त्वाचे. वारा पश्चिमेकडून सलग वाहू लागतो, गडगडाट कमी होतो, ढग खालून आणि सपाट येतात, दुपारच्या उकाड्याची अट उरत नाही, पहाटेही झिमझिम लागते. कृषी विभाग ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत पेरणी करू नका असे दरवर्षी सांगतो. एखादा चाळीस मिलिमीटरचा वळीव वरची चार बोटे माती भिजवतो, सोयाबीन उगवतेही, मग ओढ पडली की रोप करपते आणि दुबार पेरणी वाट्याला येते.

२०२५ मध्ये ही सीमारेषाच पुसली गेली. मोसमी पाऊस केरळात १ जूनऐवजी २४ मे रोजी आला, दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रात शिरला आणि २६ मेला मुंबईत पोचला. त्याआधीचा मे महिनाभर वळीव पडतच होता. एरवी टँकरची वाट पाहणाऱ्या फलटण भागात त्या दिवसांत लोक पुराच्या पाण्यात अडकले आणि आपत्ती निवारण दलाची पथके बोलवावी लागली. पुढे मोसमी पावसाची चाल जूनच्या मध्यापर्यंत रखडली. नांगरट-कुळवणीचे दिवस ओलीतच गेले, आणि पाणी भरपूर असूनही वाफसा येण्याची, म्हणजे जमीन मशागतीजोगी सुकण्याची, वाट पाहत औजारे गोठ्याच्या कडेला उभी राहिली.