बाल न्यायप्रक्रिया, मराठवाड्यातील

कायद्याने गुन्हा ठरणारे कृत्य केल्याचा आरोप असलेल्या १८ वर्षांखालील मुलामुलींचा पोलीस ठाण्यापासून बाल न्याय मंडळापर्यंत, आणि तेथून घर, निरीक्षणगृह (चौकशी चालू असताना ठेवण्याची जागा) किंवा विशेष गृहापर्यंत (दोषी ठरल्यावर सुधारणेसाठी ठेवण्याची जागा) होणारा प्रवास. अशा मुलांना ‘विधि संघर्षग्रस्त बालक’ ही शासकीय संज्ञा आहे. निरीक्षणगृहाला बोलीत अजूनही ‘रिमांड होम’च म्हणतात.

या व्यवस्थेचा आरंभ १९२४ च्या मुंबई बालक अधिनियमापासून मोजण्याची रीत आहे. मराठवाड्यापुरती ती स्वीकारणे कठीण जाते, कारण सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता व मुंबई इलाख्याचे कायदे येथे लागू नव्हते. त्यामुळे १९५१ चा हैदराबाद बालक अधिनियम हा आरंभबिंदू मानणे अधिक सयुक्तिक दिसते. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. देशभर बहुतांशी एकसारखा कायदा मात्र १९८६ च्या बाल न्याय अधिनियमानेच झाला.

त्यानंतरचा मुख्य कल म्हणजे १६ ते १८ वयोगटाची ये-जा. १९८६ च्या कायद्यात मुलांसाठी १६ व मुलींसाठी १८ ही मर्यादा होती; म्हणजे सतरा वर्षांचा मुलगा प्रौढांच्या न्यायालयात जाई. २००० च्या कायद्याने (अंमल १ एप्रिल २००१) तो मंडळापुढे आला. २०१५ च्या कायद्याने (अंमल १५ जानेवारी २०१६) निर्घृण, म्हणजे किमान सात वर्षे शिक्षेच्या, गुन्ह्यांपुरती वाट पुन्हा अंशतः उघडली. मंडळ प्राथमिक मूल्यांकन करून असे प्रकरण बाल न्यायालयाकडे (बहुधा सत्र न्यायालयच हे काम पाहते) पाठवू शकते. ज्या गुन्ह्याला किमान शिक्षाच सांगितलेली नाही, तो निर्घृण नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले.

वय कोणत्या दिवशीचे धरायचे, हा वाद बराच चालला. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलाला हजर केल्याचा दिवस धरला. २००५ मध्ये घटनापीठाने कृत्याचा दिवस ग्राह्य ठरवला व आता तोच नियम आहे. पुराव्याचा क्रमही बदलला. २००७ च्या नियमांत आधी दहावीचे प्रमाणपत्र, मग पहिल्या शाळेचा दाखला, मग जन्मनोंद असा क्रम होता. २०१५ च्या कायद्यात शाळेचा दाखला व दहावीचे प्रमाणपत्र एकाच पायरीवर आहेत, नंतर जन्मनोंद आणि काहीच नसेल तर अस्थिचाचणी, म्हणजे हाडांच्या वाढीवरून वयाचा अंदाज. चाचणीतील वयात एक वर्षापर्यंत मुलाला झुकते माप देण्याची जुन्या नियमांतील मुभा नव्या कलमात नाही. मराठवाड्यात हे कलम कळीचे ठरते. जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजींनी १ जून लिहून टाकायची, ही येथील जुनी वहिवाट. एका पिढीतील निम्मे गाव एकाच दिवशी जन्मले की काय, असे हजेरीपट पाहून वाटावे. कृत्य मे महिन्यातले असेल, तर मंडळ की सत्र न्यायालय हे त्या एका नोंदीवर ठरू शकते.

मुलाला २४ तासांत मंडळापुढे न्यावे लागते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्या दोघांपैकी किमान एक महिला हवी. गुन्हा अजामीनपात्र असला तरी जामीन हाच नियम आहे. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) घरी जाऊन सामाजिक तपासणी अहवाल तयार करतो. बीडसारख्या जिल्ह्यात हंगामात आईवडील कोयता घेऊन उसाच्या फडावर गेलेले असतात, तेव्हा हा अहवालही अवघड होतो आणि मुलाचा ताबा घ्यायला आजी नाहीतर चुलता पुढे येतो.

आकडेवारी त्रोटक आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत देशातील अशा बालकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश १६ ते १८ वयाचे दिसतात व महाराष्ट्र वरच्या राज्यांत असतो. महानगरांच्या तक्त्यांत राज्यातील मुंबई, पुणे व नागपूर ही शहरे येतात. छत्रपती संभाजीनगर त्यांत नाही.