चेनसॉची चेन कापायची बंद झाली की मगच धार लावायची? चुकीचं आहे हे

चेनसॉबद्दल (लाकूड कापायची चेनवाली मशीन) एक समज वर्षानुवर्षं फिरतोय, की सारखी सारखी धार लावली तर चेन लवकर झिजते म्हणून पार बोथट होईपर्यंत थांबायचं. खरं तर उलटं आहे. बोथट दात परत धारदार करायला कितीतरी जास्त धातू घासावा लागतो, आणि दरवेळी इंधनाची टाकी भरताना प्रत्येक दाताला गोल कानसीचे दोन-तीन हात मारले तर धातू जवळजवळ जातच नाही.

ओळखायचं कसं? भुशाकडे बघा. जाड ढलप्या पडत असतील तर धार ठीक, पिठासारखी पूड यायला लागली किंवा मशीनवर जोर द्यावा लागला की लगेच थांबा, कारण जोर दिला की बार (ज्या पट्टीवरून चेन फिरते ती) तापतो, हात थकतात आणि मशीन हातातून सटकायचा धोका वाढतो. आणि हो, चेन एकदा जरी माती-दगडाला लागली तरी धार गेलीच समजा, मग नुकतीच टाकी भरून धार लावलेली का असेना.

कानस चेनच्या मापाचीच हवी, 4, 4.8 की 5.2 मिमी ते मॅन्युअलमध्ये असतं, आणि घासायचं फक्त पुढे ढकलताना.