निरंतर पशुवैद्यक शिक्षण, सीमाभागातील

पदवी किंवा पदविका घेऊन कामाला लागलेले पशुवैद्य आणि त्यांच्या जोडीने राबणारे पशुधन परीक्षक, कृत्रिम रेतन तंत्रज्ञ व परिचर यांनी सेवाकाळात घेत राहावयाचे शिक्षण. उजळणी वर्ग, व्याख्याने व चर्चासत्रे हे त्याचे जुने रूप. संगणकावर आणि पुढे मोबाइलवर चालणारे व्यावसायिक समूह हे नवे. प्रस्तुत नोंदीत सीमाभाग म्हणून कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याचा मराठीभाषक पट्टा, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी, अथणी, कागवाड हा भाग विचारात घेतला आहे.

उगम : व्यावसायिक समूहाची ही पद्धत कोठून सुरू झाली याबद्दल अभ्यासकांत एकवाक्यता नाही. रूढ मतानुसार तिचा आरंभ अमेरिकेत १९९१ मध्ये निघालेल्या ‘व्हेटरिनरी इन्फर्मेशन नेटवर्क’ या पशुवैद्यांच्या संगणकावरील संस्थेपासून धरतात. तिच्या संस्थापकांपैकी पॉल पायन हे हृदयरोगांचे अभ्यासक. टॉरिन या घटकाच्या कमतरतेमुळे मांजरांचे हृदय विस्फारते, हे त्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले होते. असा शोध गावोगावच्या दवाखान्यांत पोहोचायला वर्षे लागू नयेत, ही गरज त्या काळी सर्वांनाच जाणवत होती. १९९० च्या दशकात अमेरिकी पशुवैद्यक संघटनेनेही टेलिफोन तारेवरून चालणारी स्वतःची सेवा काढली होती.  पशुवैद्यांच्या मदतनीसांसाठी वेगळा समूह काढण्याची कल्पना मात्र ‘व्हेटरिनरी इन्फर्मेशन नेटवर्क’ने नेटाने राबवली.

दुसरे मत उगम आणखी मागे नेते. सिडनी विद्यापीठात १९६५ मध्ये पशुवैद्यांच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाची समिती स्थापन झाली. १९६९ पासून सभासदांनी आपली प्रकरणे, त्यांत फसलेले उपचारसुद्धा, पत्राने कळवावीत आणि केंद्राने ती फारसा साज न चढवता छापून सर्वांना धाडावीत, असा प्रघात तेथे पडला. शोधनिबंधाची शिस्त नसलेला, पण चालत्या दवाखान्यातला अनुभव बरोबरीच्या माणसांपुढे ठेवणे हा समूहाचा गाभा मानला, तर हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. माध्यम टपालाचे की तारेचे, हा मुद्दा त्यामानाने गौण आहे. भारतात १९२४ मध्ये मद्रासहून निघू लागलेल्या पशुवैद्यक नियतकालिकालाही काही जण हाच मान देतात. परंतु त्यातील मजकूर संपादित लेखांच्या स्वरूपाचा असल्याने त्याला पूर्वसूरी म्हणावे, आरंभ म्हणू नये.

सीमाभागातील परंपरा : या भागातील पशुवैद्यांच्या शिक्षणाला दोन घराणी आहेत. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबईच्या कारभाराखाली होता आणि येथील अधिकारी परळच्या मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयात (स्थापना १८८६) तयार होत. राज्य पुनर्रचनेनंतर ओढा बंगळूरच्या हेब्बाळ येथील महाविद्यालयाकडे (१९५८) वळला. बीदर येथे मुख्यालय असलेले कर्नाटक पशुवैद्यक, पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठ २००४ च्या सुमारास अस्तित्वात आल्यावर बीदरच्या आधीपासूनच्या महाविद्यालयाला शिवमोगा, हासन, गदग आणि अलीकडे खुद्द अथणी तालुक्यातील महाविद्यालयांची जोड मिळाली. पलीकडे शिरवळ (जि. सातारा) येथे १९८८ पासून महाविद्यालय आहे, ते व परळ ही दोन्ही आता नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाकडे आहेत. निपाणीच्या एकाच रस्त्यावर परळची परंपरा सांगणारा निवृत्त अधिकारी आणि बीदरहून आलेला तरुण डॉक्टर भेटतात ते यामुळे. औषधांच्या मात्रेवरून त्यांचे खटके उडतात, तोही एक प्रकारचा उजळणी वर्गच.

कायद्याची चौकट भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ ची आहे. नोंदणीकृत पशुवैद्याखेरीज कोणी पशुवैद्यक व्यवसाय करू नये, असे त्याचे कलम ३० सांगते. त्याच कलमात पदविका किंवा प्रमाणपत्रधारकाला पशुवैद्याच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देण्याची, राज्याच्या आदेशाने, मुभा आहे. ‘किरकोळ’ म्हणजे काय, यावर बरीच शाई खर्ची पडली आहे. कर्नाटकाची परिषद बंगळुरात व महाराष्ट्राची नागपुरात असल्याने कागलच्या डॉक्टरला निपाणीत कायमचे बस्तान बसवायचे तर नोंदणीचा पत्रव्यवहार दोन टोकांच्या शहरांशी होतो. जनावराला या भानगडीशी देणेघेणे नसते. ऊसतोडीच्या हंगामात बैलजोड्या, चराईसाठी घाटाकडे उतरणारी मेंढरे आणि बाजाराची जनावरे सीमा ओलांडतच असतात.

समूहांचे कामकाज : येथील समूह व्हॉट्सॲप, टेलिग्राम यांवर चालतात. कोरोनाच्या टाळेबंदीत (२०२०) विद्यापीठांची व औषध कंपन्यांची व्याख्याने ऑनलाइन झाली तेव्हा त्यांची संख्या वाढली. चिक्कोडी-निपाणीकडच्या समूहांत गडहिंग्लज, कागल, मिरज येथील डॉक्टरही असतात. संदेशाचा नमुना ठरलेला असतो : ‘एच.एफ. क्रॉस, दुसरं वेत, विऊन १२ दिवस, ताप १०६, खांद्याची गाठ सुजलीय, लघवी लालसर नाही, स्मिअर पाठवतो.’ (एच.एफ. क्रॉस म्हणजे होल्स्टीन-फ्रिजियन संकरित गाय, स्मिअर म्हणजे काचेवर पसरलेले रक्त.) पाठोपाठ सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला मोबाइल टेकवून काढलेला फोटो येतो. भोवती काळे कडे, मधे जांभळट वर्तुळ. गोचीड तापाच्या (थायलेरियोसिस) निदानात खरी गफलत येथेच होते. कानाच्या टोकाच्या रक्तातील तांबड्या पेशींत अंगठीसारखे किंवा स्वल्पविरामासारखे परजीवी दिसतात. पण काच रंगवण्याच्या गिम्सा रंगाचा साका पेशीवर बसला तरी तसाच ठिपका दिसतो. जाणता सभासद म्हणतो, ‘ठिपका पेशीच्या आत आहे की वर, फोकस खालीवर करून बघा, काच पुन्हा रंगवा, आणि जमलं तर गाठीतून सुई घालून दुसरी काच करा.’ गाठीतील लिंफ पेशींत निळे कण (कॉखचे निळे पिंड) सापडले की संशय उरत नाही. मग बुपार्वाक्वोन हे औषध, किलोमागे २.५ मिलिग्रॅम, मानेच्या स्नायूत खोल. इतका नेमका धडा एका दिवसाच्या चर्चासत्रात क्वचितच पदरी पडतो.

औषधबंदीच्या बाबतीतही समूहांचा उपयोग झाला आहे. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेल्या जनावरांचे मृतदेह खाऊन गिधाडांचा ऱ्हास झाल्यामुळे त्याचा जनावरांसाठीचा वापर २००६ मध्ये बंद झाला. मोठ्या कुप्या जनावरांकडे वळू नयेत म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीची इंजेक्शनेही ३ मिलिलिटरच्या एकमात्रेच्या कुपीपुरती मर्यादित करण्यात आली. कोलिस्टिन हे प्रतिजैविक खाद्यजनावरांसाठी २०१९ मध्ये व किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक ही वेदनाशामके २०२३ मध्ये बाद झाली. या वेदनाशामकांना पर्याय म्हणून मेलोक्सिकॅम वापरतात. राजपत्रातील अधिसूचना तालुक्याच्या दवाखान्यात कागदाने पोहोचण्याआधी तिचा फोटो समूहावर आलेला असतो.

लंपी त्वचारोग भारतात २०१९ मध्ये ओडिशात प्रथम नोंदला गेला आणि २०२२ मध्ये सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरला. बाजार बंद पडले, शेळ्यांच्या देवीची लस गायीगुरांना टोचण्यात आली. कोणत्या गावात गाठी दिसल्या, लस कुठे शिल्लक आहे याची देवाणघेवाण समूहांवरून होई. त्याचबरोबर हळद-मिरीच्या लेपांपासून अनाठायी प्रतिजैविकांपर्यंत वाटेल ते सल्लेही फिरले. नियंत्रकाविना चालणाऱ्या समूहाचा हा दोष अजून गेलेला नाही. जनावराच्या कानातील बारा अंकी बिल्ला फोटोत दिसला तर मालकाची ओळख उघड होऊ शकते, याचेही भान सर्वांना नसते.

मदतनीस : पशुधन परीक्षक व परिचरांच्या शिक्षणाकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. कर्नाटकात पशुसंवर्धनाची दोन वर्षांची पदविका विद्यापीठाच्या तंत्रनिकेतनांतून मिळते. नंतरचे प्रशिक्षण बहुधा एखाद्या मोहिमेला जोडून येते. सांसर्गिक गर्भपाताची (ब्रुसेलोसिस) लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना एकदाच द्यायची असते. ती जिवंत जंतूंची असल्याने सुई स्वतःच्या बोटाला लागली किंवा थेंब डोळ्यात उडाला तर टोचणाऱ्यालाच आजार होऊ शकतो. म्हणून हातमोजे व चष्मा वापरण्याचा धडा डॉक्टरपेक्षा कालवड धरणाऱ्या परिचराला आधी द्यायला हवा. कृत्रिम रेतनात गोठवलेल्या रेताची नळी ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ३० सेकंद ठेवण्याचा नियम पाठ असतो, थर्मामीटर मात्र किटमध्ये नसतो. पाणी बोटाने जोखले जाते. खात्याचे साहित्य कन्नडमध्ये, औषधांची पत्रके इंग्रजीत असल्याने खानापूर व निपाणीकडील मराठी परिचर महाराष्ट्रातील पशुसंवर्धन विभागाच्या पुस्तिका व चित्रफितींवर भिस्त ठेवतात. त्या पुस्तिकांत लसीकरणाचे वेळापत्रक व हेल्पलाइन महाराष्ट्रापुरत्या दिलेल्या असतात, तेवढा भाग बदलून वाचावा लागतो.