दोन भाषा आल्या म्हणजे अनुवादक झालो?

जळगाव-धुळ्याकडे एम.ए. झालेल्या पोरांना हमखास ऐकवलं जातं, "घरात अहिराणी, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजी. अनुवादाचं आणखी काय शिकायचं?" हा समज जुना आहे, आणि चुकीचा.

अनुवादसेवेचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ 17100 (2015), अनुवादाची पदवी मागतं. पदवी दुसऱ्या विषयाची असेल तर वर 2 वर्षांचा पूर्णवेळ अनुभव, नाहीतर थेट 5 वर्षांचा. शिवाय मजकूर दुसऱ्या जाणकाराने मुळाशी ताडून पाहायलाच हवा.

ठिबक सिंचनाची माहितीपुस्तिका घ्या. अनुवादाच्या सॉफ्टवेअरमध्ये डावीकडे मूळ वाक्य, उजवीकडे रिकामी चौकट. जुन्या कामातल्या 90 टक्के जुळणाऱ्या वाक्याचा साठवलेला अनुवाद आपोआप समोर येतो. नवखा तो तसाच ठेवतो. उरलेल्या 10 टक्क्यांत नेमका पाण्याच्या दाबाचा आकडा बदललेला असतो, आणि भुर्दंड केळीच्या बागेला! हे हेरणं, परिभाषासूची बांधणं, दर ठरवणं, ग्राहकाला शंका विचारणं (इथेच बहुतेक जण लाजतात) हे सगळं सरावाने शिकावं लागतं.

"आता यंत्रच करतं की" म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: यंत्राचा मसुदा माणसाने सुधारण्याचंही स्वतंत्र मानक आहे, आयएसओ 18587, 2017 सालचं.