परकीय मदत : टप्प्याटप्प्याने समाप्तीचा प्रश्न

एका देशाच्या शासनाने दुसऱ्या देशाच्या विकासासाठी दिलेले अनुदान किंवा सवलतीचे कर्ज म्हणजे परकीय मदत. लष्करी साहाय्य तीत धरत नाहीत. श्रीमंत राष्ट्रांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्के मदत द्यावी, असे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 1970 मध्ये ठरवले. मोजक्याच देशांनी ते पाळले.

ही मदत क्रमाक्रमाने थांबवावी काय, या वादात कर्ज आणि दान यांची सरमिसळ फार होते. नागपूर मेट्रोच्या सुमारे 8,680 कोटी रुपयांच्या पहिल्या टप्प्यासाठी जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेने 50 कोटी आणि फ्रान्सच्या एएफडी संस्थेने 13 कोटी युरो दिले. हे पैसे व्याजासह फेडायचे आहेत आणि युरो महागला की हप्त्याचे रुपये वाढतात. त्याला उपकार म्हणणे अवघडच.

धान्याची मदत वेगळी होती. 1965-67 च्या दुष्काळात अमेरिकी अध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाची जहाजे थोडी थोडी सोडून भारताच्या कृषिधोरणावर दबाव आणला. याउलट 1972 च्या दुष्काळात विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेसाठी महाराष्ट्राने 1975 पासून व्यवसाय कर बसवला आणि नागपूरच्या पगारदारालाही आपला वाटा उचलावा लागला. पैसा करदात्याचा असला की हिशेब मतदार मागतो, दात्याचा असला की दाता मागतो. पीटर बॉअर या अर्थतज्ज्ञाच्या मदतविरोधाचा एक धागा हाच होता.

तथापि एचआयव्हीची औषधे किंवा लसी यांना हा युक्तिवाद जसाच्या तसा लागू होत नाही, कारण गरीब देशाची करवसुली वाढेपर्यंत रुग्ण थांबू शकत नाही. ब्रिटनने भारताची आर्थिक मदत 2015 मध्ये संपवली, पण ते 2012 मध्येच जाहीर केले होते. अमेरिकेने मात्र जानेवारी 2025 मध्ये मदत एकाएकी गोठवली आणि 1 जुलैला ही मदत वाटणारी यूएसएड ही सरकारी संस्था औपचारिकपणे गुंडाळली. याला टप्प्याटप्प्याने म्हणता येणार नाही. मदत संपवण्याची मुदत आगाऊ ठरवावी आणि ती घेणाऱ्या देशाच्या करक्षमतेशी बांधावी, हे अधिक सयुक्तिक दिसते. भूतानसारख्या शेजाऱ्यांना भारत स्वतः मदत देतो. हा निकष मग त्यालाही लागू होतो.