वाचनालयातला ओपन माइक आला कुठून

संध्याकाळी सातला पेपरची टेबलं भिंतीला सरकतात, सतरंजी पडते, आणि दाराशी ठेवलेल्या वहीत ज्याला कविता वाचायची त्यानं नाव लिहायचं, बस. आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा हे होतं. नवी पोरं त्याला ओपन माइक म्हणतात, जुने सभासद काव्यवाचन म्हणतात.

जागा आधी तयार झाली. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं. सुरुवातीला अशी बरीचशी वाचनालयं ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ अशा नावाची, म्हणजे इंग्रजी शिकलेल्या मोजक्या लोकांची. पण गावात बसायला एक हॉल आणि दिवाबत्ती होती, त्यामुळे पुस्तकांच्या जोडीला व्याख्यानं, मग व्याख्यानमाला असं सगळं तिथंच व्हायला लागलं.

कविता लोकांसमोर म्हणायची हौस मात्र वाढवली पुण्याच्या रविकिरण मंडळानं. १९२३ चं हे मंडळ, माधव जूलियन, यशवंत, गिरीश, मनोरमाबाई आणि श्रीधर रानडे वगैरे मंडळी रविवारी चहाला जमायची आणि एकमेकांच्या कविता ऐकायची. पुढे यशवंत आणि गिरीश जाहीर कार्यक्रमांतून कविता चालीवर गाऊ लागले आणि पुस्तक विकत न घेणाऱ्यांच्याही कानावर कविता पडायला लागली. मला हे फार मोठं काम वाटतं.

नंतर विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर. हे तिघं एकत्र गावोगाव फिरले, आणि मुख्य म्हणजे गाण्यापेक्षा बोलण्याच्या लयीत कविता म्हणायचे, कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा हे लोक त्यांच्याकडून शिकले. आजही वाचणारा ‘वाक्यं मोडून’ वाचायला लागला की मागून कोणीतरी म्हणतंच, अरे जरा सावकाश.

पण या सगळ्यात माइक नाव असलेल्या कवीच्याच हातात होता ना! तो हलायला लागला नारायण सुर्व्यांसारख्यांमुळे. गिरणीत राबलेला, शाळेत शिपाई आणि मग शिक्षक झालेला हा माणूस, १९६२ साली पहिला संग्रह, आणि कामगारांच्या भाषेतली कविता थेट कामगारांपुढे. मग १९७२ ला नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला आणि कुठली भाषा सभेत वाचायची यावरची बंधनंच सैल झाली. साहित्य संमेलनातही निमंत्रितांच्या कविसंमेलनाशेजारी कविकट्टा उभा राहिला, नवख्यांनी नाव नोंदवायचं आणि एक कविता वाचायची. आमची दारातली वही म्हणजे त्याच कविकट्ट्याचं धाकटं भावंड.

यात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याचाही हात आहे, लोक हे विसरतात. त्यानं लहान गावातल्या वाचनालयांनाही अ, ब, क, ड वर्गानुसार सरकारी अनुदान मिळायला लागलं, म्हणून तालुक्याच्या पलीकडेही एक खोली, एक ग्रंथपाल आणि थोड्या खुर्च्या टिकल्या. अनुदान तुटपुंजं असतं, ते वेळेवर यावं असं मनापासून वाटतं, कारण ती खोली बंद पडली तर वही ठेवायची कुठं?

गेल्या महिन्यात एका काकूंनी वहीत नाव लिहिलं आणि खोडलं, दोनदा. शेवटी ग्रंथपालांनी पंखा बंद केला, कारण माइकमध्ये घरघर येत होती, आणि काकूंनी रेशनकार्डाच्या झेरॉक्समागे लिहिलेल्या बारा ओळी वाचल्या.