सेंट क्लेअरचा मस्की आणि त्याच्या मागावरच्या बोटी

अमेरिकेचे मिशिगन राज्य आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत यांच्या सीमेवर, डेट्रॉइट शहराच्या अगदी शेजारी, सेंट क्लेअर नावाचे एक सरोवर आहे. क्षेत्रफळ सुमारे १,१०० चौरस किलोमीटर आणि सरासरी खोली जेमतेम साडेतीन मीटर. ह्युरॉन सरोवराचे पाणी सेंट क्लेअर नदीतून त्यात उतरते आणि डेट्रॉइट नदीतून ईरी सरोवराकडे निघून जाते. हा ओघ इतका मोठा आहे की, सरोवरातले पाणी साधारण आठवडा-दीड आठवड्यात पूर्ण बदलते. उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत या पाण्यावर व्यावसायिक गाईड आपल्या बोटी घेऊन फिरत असतात. त्यांच्यासोबतचे हौशी मासेमार दिवसाचे भाडे मोजून येतात ते एकाच माशासाठी, आणि तो सापडला तर बहुतेक जण त्याला पुन्हा पाण्यात सोडून देतात. हा मासा म्हणजे मस्कीलंज, बोलीभाषेत मस्की.

मस्की हा पाइक माशांच्या कुळातला सर्वांत मोठा सदस्य असून त्याचे शास्त्रीय नाव ‘इसॉक्स मस्किनाँजी’ असे आहे. सव्वा मीटर लांबीचा मस्की गळाला लागावा, हे उत्तर अमेरिकेतल्या अनेक मासेमारांचे आयुष्यभराचे स्वप्न असते. तो अन्नसाखळीच्या टोकाला असल्यामुळे त्याची संख्या मुळातच तुरळक असते; चांगल्या सरोवरातही एकरामागे एक प्रौढ मासा सापडत नाही. ‘दहा हजार वेळा गळ फेकावा तेव्हा मिळणारा मासा’ अशी त्याची ख्याती आहे. हा आकडा कोणी मोजलेला नसला, तरी दिवसभर गळ फेकून रिकाम्या हाताने परतणे ही या मासेमारीतली नेहमीची गोष्ट आहे. म्हणूनच गाईडची गरज पडते. मासा कुठे असेल, कोणत्या वेळी हल्ला करेल आणि हाती आल्यावर त्याला जिवंत कसे परत पाठवायचे, याविषयीचे ज्ञान हेच गाईडचे खरे भांडवल असते. अनुभवातून आलेल्या या ज्ञानाचा बराच भाग आता वैज्ञानिकांनीही तपासून पाहिला आहे.

मासा कुठे असेल, या प्रश्नाचे उत्तर सेंट क्लेअरमध्ये गेल्या चार दशकांत बदलले आहे. १९८८ मध्ये या सरोवरात झेब्रा शिंपला आढळला. काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या परिसरातला हा नखाएवढा शिंपला मालवाहू जहाजांच्या तोल सांभाळण्यासाठी भरलेल्या पाण्यातून अमेरिकेत पोहोचला होता. एक शिंपला दिवसाला साधारण एक लिटर पाणी गाळतो, आणि काही वर्षांतच सरोवराच्या तळावर त्यांचे थर साचले. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शैवाल कमी झाले, पाणी नितळ झाले, सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचू लागला आणि पाणवनस्पतींची कुरणे दूरवर पसरली. अंधूक, गढूळ पाण्यात शिकार करणाऱ्या वॉलआय माशाला हा बदल मानवला नाही. डोळ्यांनी सावज हेरून वनस्पतींच्या आडोशाने हल्ला करणाऱ्या मस्कीला मात्र तो लाभदायक ठरला. एका परक्या जीवाच्या आक्रमणाने दुसऱ्या देशी जीवाला हात द्यावा, असे निसर्गात क्वचित घडते, आणि त्यावरून आक्रमक प्रजातींविषयी कोणतीही सवलतीची भूमिका घेणे चुकीचे ठरेल. याच सरोवरातले दुसरे उदाहरण पुढे येणारच आहे. तूर्त एवढेच की, गाईड आज वनस्पतींच्या कुरणांच्या कडा शोधत बोट चालवतात, त्यामागे या शिंपल्याचा इतिहास आहे.

मस्कीचे शरीर पाहिले की त्याची शिकारीची पद्धत लक्षात येते. लांबट, नळकांड्यासारखे धड आणि पाठीवरचा व पोटाखालचा पर थेट शेपटीजवळ सरकलेला; म्हणजे शरीराचा सगळा मागचा भाग मिळून एक मोठे वल्हे तयार होते. असा मासा लांबवर पाठलाग करण्यात तरबेज नसतो, पण जागच्या जागी स्थिर राहून, शरीर इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे वळवून, क्षणार्धात झेप घेण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नाही. त्याचा जवळचा नातेवाईक असलेल्या नॉर्दर्न पाइकच्या झेपेचे मोजमाप झालेले आहे आणि तिचे कमाल त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दहा पट भरले आहे.

मस्की हातात आल्यावर अनुभवी गाईड कधीकधी त्याचा खालचा जबडा ग्राहकाला दाखवतो. जबड्याच्या खालच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रांची एक ओळ दिसते. मस्कीच्या जबड्याच्या प्रत्येक बाजूला अशी सहा ते नऊ छिद्रे असतात, तर पाइकला पाच किंवा त्याहून कमी. दोन प्रजाती ओळखण्याची ही खात्रीची खूण आहे, पण तिचे महत्त्व तेवढ्यापुरते नाही. ही छिद्रे माशाच्या पार्श्वरेषा नावाच्या ज्ञानेंद्रियाचा भाग आहेत. पाण्याची हालचाल आत शिरली की आतल्या पेशींवरचे सूक्ष्म केस वाकतात आणि जवळून जाणाऱ्या सावजाची दिशा व अंतर माशाला कळते.

दृष्टी आणि पार्श्वरेषा यांच्यात कामाची वाटणी कशी होते, हे शिकागोच्या लोयोला विद्यापीठातल्या संशोधकांनी मस्कीवरच प्रयोग करून तपासले आणि २००१ मध्ये प्रसिद्ध केले. पार्श्वरेषा तात्पुरती निकामी केलेले मासे सावज पाहून त्याच्याकडे सरकत, पण झेप घेण्यापूर्वी नेहमीपेक्षा बरेच जवळ जात. दृष्टी नसलेले मासे सावजाचा मागोवा घेत नसत, तरीही सावज अगदी जवळ आल्यास त्याच्यावर झडप घालत. थोडक्यात, दुरून हेरणे व सावजाकडे सरकत जाणे हे डोळ्यांचे काम, आणि शेवटच्या टप्प्यात झेपेचा नेम साधण्यात पार्श्वरेषेचा मोठा वाटा.

हे कळले की गाईडच्या सर्वांत विचित्र वाटणाऱ्या आग्रहाचा उलगडा होतो. मस्कीला आमिषाच्या मागोमाग थेट बोटीपर्यंत येऊन, काहीही न करता परत फिरण्याची खोड आहे. त्यामुळे प्रत्येक फेकीच्या अखेरीस आमिष बाहेर न काढता, रॉडचे टोक पाण्यात बुडवून बोटीच्या कडेला इंग्रजी आठचा मोठा आकडा काढायचा, असा दंडक असतो. मागे मासा दिसो वा न दिसो, हा आकडा काढावाच लागतो. वळण जितके रुंद असेल तितके चांगले, कारण लांब शरीराच्या माशाला चिंचोळ्या वळणात आमिषामागे वळता येत नाही. मागून येणाऱ्या माशाला वळणावर आमिषाची संपूर्ण बाजू दिसते, सावज निसटत असल्याचा भास होतो आणि अंतर इतके कमी झालेले असते की पार्श्वरेषा पूर्ण क्षमतेने काम करते. कित्येक मासे याच शेवटच्या वळणावर गळाला लागतात. आमिषाला जोडलेली धातूची मोठी फिरती पाती पाण्यात जी थरथर निर्माण करतात, तीही याच इंद्रियाला उद्देशून असते.

सेंट क्लेअरवर मात्र बरेच गाईड गळ फेकण्याऐवजी ट्रोलिंग करतात, म्हणजे अनेक आमिषे एकाच वेळी बोटीमागे ओढत नेतात. मासे विरळ असल्यामुळे जास्तीत जास्त पाणी पालथे घालणे हा त्यामागचा सरळ हिशेब. बोटीचा वेग ताशी सहा ते दहा किलोमीटर ठेवला जातो. नवख्या माणसाला तो फार वाटतो, पण मस्कीच्या झेपेपुढे तो काहीच नाही.

आता चंद्राविषयी. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास मस्की जास्त मिळतो, असे जुने मासेमार सांगत आले आहेत आणि काही गाईडच्या तारखा त्यानुसारच भरतात. या समजुतीची परीक्षा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झाली. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘मस्कीज इन्कॉर्पोरेटेड’ या संघटनेचे सभासद आपल्या माशांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवत आले आहेत. अशा ३,४१,९५९ नोंदींचे विश्लेषण केले असता पौर्णिमा व अमावास्येच्या आसपास पकड खरोखरच वाढलेली दिसली. हा परिणाम मोठ्या माशांत, ऐन उन्हाळ्यात आणि उत्तरेकडच्या अक्षांशांवर अधिक ठळक होता. पण त्याची कमाल मर्यादा पाच टक्क्यांच्या आसपास निघाली. म्हणजे समजूत खरी आहे, पण तिच्यासाठी सुटी पुढे ढकलण्याइतकी मोठी नाही. मला या अभ्यासाचे विशेष कौतुक वाटते ते असे की, हौशी माणसांनी प्रामाणिकपणे ठेवलेल्या नोंदींमुळेच तो शक्य झाला.

मासा गळाला लागल्यानंतरची काही मिनिटे ही सबंध सहलीतली सर्वांत जबाबदारीची वेळ असते. मस्कीचे स्नायू झेपेसाठी घडलेले असतात. झुंज सुरू झाली की ते ऑक्सिजनविना ऊर्जा निर्माण करतात, साठवलेले ग्लायकोजेन म्हणजे स्नायूंतले इंधन झपाट्याने संपते, त्यातून उरणारे लॅक्टेट साचते आणि रक्ताची आम्लता वाढते. यातून पूर्ववत होण्यास माशाला कित्येक तास लागतात. झुंज जितकी लांबेल तितके हे कर्ज वाढत जाते. त्यामुळे ८० ते १०० पौंडांचा ताण सोसणारा विणलेला दोर आणि जाड, ताठ रॉड ही अवजारे दिसायला राकट असली, तरी माशाच्या दृष्टीने तीच दयाळू आहेत. नाजूक दोरीवर मोठा मासा खेळवण्यात कौशल्य असेल, पण सोडायच्या माशाच्या बाबतीत ते कौशल्य दाखवणे मला अनुचित वाटते.

बोटीजवळ आलेला मासा रबराचा लेप दिलेल्या, मोठ्या जाळ्यात घेतात आणि जाळे पाण्यातच ठेवतात. साध्या गाठींच्या जाळ्याने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते. गळ खोल रुतला असेल तर तो ओढत बसण्याऐवजी मजबूत कटरने सरळ तोडून टाकतात. पाण्याबाहेर कल्ल्यांचे नाजूक तंतू एकमेकांना चिकटतात आणि श्वसन जवळपास थांबते, म्हणून छायाचित्रासाठी मासा उचलायचा तो काही सेकंदांसाठीच. तोही आडवा, एक हात कल्ल्याच्या झाकणाखालून जबड्याला आणि दुसरा पोटाखाली धरून. उभा टांगला तर सगळा भार जबड्यावर व पाठीच्या कण्यावर येतो. वजन करण्यासाठी त्याला काट्याला लटकवण्याचीही गरज नसते. लांबी आणि घेर इंचांत मोजून, घेराच्या वर्गाला लांबीने गुणायचे आणि ८०० ने भागायचे, की पौंडांत अंदाजे वजन मिळते. ५० इंच लांब आणि २२ इंच घेराच्या माशाचे वजन यावरून सुमारे ३० पौंड, म्हणजे पावणेचौदा किलो येते. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठाच्या संशोधकांनी ओटावा नदीत पकडून सोडलेल्या मस्कींना रेडिओ टॅग लावून त्यांचा मागोवा घेतला, तेव्हा नीट हाताळलेल्या माशांत मृत्यू आढळले नाहीत.

तरीही एक परिस्थिती अशी आहे की, तिच्यात कोणतीही काळजी पुरेशी ठरेल असे म्हणता येत नाही, आणि ती म्हणजे उष्ण पाणी. १० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ११.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, तर २७ अंशांना केवळ ८ मिलिग्रॅम. त्याच वेळी माशाची ऑक्सिजनची गरज दर १० अंशांमागे साधारण दुपटीने वाढते. पुरवठा घटलेला आणि मागणी वाढलेली, त्यात झुंजीचे कर्ज. सेंट क्लेअर उथळ असल्यामुळे खोल सरोवरांत असतो तसा थंड पाण्याचा तळाचा थर तिथे नसतो. पाणी २६-२७ अंशांवर गेले की जबाबदार गाईड मस्कीच्या फेऱ्या बंद ठेवून ग्राहकांना बास किंवा अन्य माशांकडे वळवतात. हंगामाच्या ऐन मध्यात बुडणारे उत्पन्न सोसून घेतलेला हा निर्णय असतो, आणि त्याची दखल घेतली पाहिजे.

या सरोवरातला मस्की बाहेरून आणून सोडलेला नाही. तो इथेच जन्मतो आणि वाढतो. वसंत ऋतूत पाणी १० ते १५ अंशांवर आले की मादी उथळ पाण्यात वनस्पतींवर हजारो अंडी विखरून टाकते आणि निघून जाते. अंड्यांची वा पिलांची राखण कोणी करत नाही. याच नाजूक टप्प्यावर दोन संकटे आली. १९९० मध्ये सेंट क्लेअर नदीत गोल गोबी हा छोटा परका मासा आढळला. तो अंड्यांवर ताव मारतो. मग आला व्हीएचएस हा माशांत रक्तस्रावाचा जीवघेणा आजार पसरवणारा विषाणू. ग्रेट लेक्स या महासरोवरांच्या परिसरातला त्याचा सर्वांत जुना नमुना २००३ मध्ये याच सरोवरातून घेतलेल्या मस्कीत सापडला आणि २००५-०६ च्या सुमारास सेंट क्लेअर सरोवरात आणि या महासरोवरांचे पाणी समुद्राकडे नेणाऱ्या सेंट लॉरेन्स नदीत मोठे, अंडी घालण्याच्या वयाचे मस्की मरून तरंगू लागले. सेंट लॉरेन्समध्ये त्यानंतर पिलांची संख्याही घसरलेली आढळली. तीस वर्षांपर्यंत जगू शकणाऱ्या आणि उशिरा वयात येणाऱ्या प्रजातीत प्रौढ माद्यांची एक पिढी गेली, तर भरपाईला फार काळ लागतो. मिशिगनमध्ये परवानाधारकाला वर्षभरात एकच मस्की ठेवता येतो, त्यामागे हेच कारण आहे.

मासे सोडून देण्याच्या प्रथेने संशोधकांपुढे एक वेगळी अडचण मात्र उभी केली आहे. मस्कीचे वय अचूक ओळखण्यासाठी कल्ल्यांमागचे क्लायथ्रम नावाचे चपटे हाड लागते. त्यावर वर्षागणिक वलये उमटतात आणि कोणत्या वर्षी मासा किती वाढला हेही त्यावरून वाचता येते. हे हाड मेलेल्या माशाचेच मिळते. पूर्वी भिंतीवर लावण्यासाठी मासे मारले जात, तेव्हा ते पेंढा भरणाऱ्या कारागिरांकडून मिळत असे. आता छायाचित्र, लांबी आणि घेर यांवरून फायबरग्लासची प्रतिकृती बनते. म्हणून ओंटारिओत जॉन कॅसलमन या मत्स्यवैज्ञानिकाने मासेमारांकडून आणि कारागिरांकडून ही हाडे जमवण्याचा उपक्रम दीर्घकाळ चालवला. जिवंत माशांसाठी मात्र गाईडच्या नोंदींना पर्याय नाही. मिशिगनमध्ये भाड्याने मासेमारीस नेणाऱ्या बोटींच्या चालकांना आपल्या पकडीचा मासिक अहवाल राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाला कायद्यानेच द्यावा लागतो. किती तास बोट पाण्यात होती, किती मस्की मिळाले आणि त्यांतले किती सोडले, याच्या या नोंदींवरून सरोवरातला मस्की वाढतो आहे की घटतो आहे, याचा अंदाज विभागाला बांधता येतो.